कालव्याकडचा रस्ता

आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे जुमादिल बाबांनी, एकतीस वर्षं बिश्केक ते काराकोल बस चालवली. निवृत्त झाल्यावर बस गेली, पण रस्ता काही त्यांच्या डोक्यातून गेला नाही. उन्हाळ्यात अर्धं बिश्केक शनिवारी इसिक-कुल सरोवराला जातं आणि रविवारी दुपारी एकदमच परत निघतं. कुठल्या वाटेनं गेलं तर गर्दी लागणार नाही, हे आमच्या इमारतीतली माणसं बाबांना विचारायची. फोनमध्ये रस्ता सांगणारी बाई असते, तिच्यावर बाबांचा राग होता.

"ती बाई कधी बालिक्चीला गेलीय का?" ते विचारायचे. "बूमच्या घाटात कधी तिची गाडी तापलीय? मग ती कोण मला सांगणारी, डावीकडे वळा म्हणून?"

बाबांची स्वतःची पद्धत होती. तोकमोकच्या फाट्यावर इसाक नावाचा त्यांचा जुना दोस्त कलिंगडं विकायचा. बाबा त्याला फोन लावायचे. पहिल्याच घंटीला इसाकने उचलला, तर त्याच्याकडे गिऱ्हाईक नाही, म्हणजे रस्ता मोकळा. सहा-सात घंट्या गेल्या, तर गाड्या तुंबल्यात आणि लोक उतरून कलिंगडं घेतायत. मग बाबा गच्चीतल्या खुर्चीत मागे टेकून डोळे मिटायचे आणि सांगायचे, "गावांतून जा. शाळेपाशी उजवीकडे." बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं, हे मला मान्य करायलाच हवं.

माझ्या नणंदेचं, बेगिमायचं, लग्न ठरलं ते काराकोलजवळच्या सामातशी. सामातच्या आईनं आमच्याकडे येऊन मुलीच्या कानात कुडी घालायची, डोक्यावर पांढरा रुमाल बांधायचा, असा आमच्यात रिवाज. कुड्या घातल्या की मुलगी त्यांची झाली. तारीख निघाली जुलैतली, रविवारची.

"रविवारी?" सासूबाई म्हणाल्या. सायरागुल त्यांचं नाव. बोलायच्या कमी, पण त्यांचा एक शब्द दिवसभर पुरायचा. "सगळा गाव परत येतो तेव्हा? त्यांना शनिवारीच बोलवा. राहतील एक रात्र."

"कशाला?" बाबा म्हणाले. "मी आहे ना. नऊला निघू देत, तीनला दारात उभे करतो. विहीणबाईंना कळू दे, कुठल्या घरात सोयरीक केलीय ती."

त्यात त्यांचा मान गुंतला होता, म्हणून तारीख रविवारचीच राहिली.

रविवारी सकाळपासून मी स्वयंपाकघरात कणकेचे फुगीर बोर्सोक तळत होते. दोन आत्या नूडल्स लाटत होत्या, मटण चुलीवर होतं. बाबा गच्चीत फोन घेऊन बसले होते, आणि गच्चीचं दार उघडं असल्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

पहिला फोन आला तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरचा, कुबातचा. तो बायकामुलांसह सरोवरावर गेला होता.

"हे बघ," बाबा आवाज खाली करून म्हणाले, "तोकमोकच्या पुढे हमरस्ता सोड. कालव्याकडचा जुना रस्ता धर. कुत्रंसुद्धा नसतं तिथं. पण कुणाला सांगू नकोस. फक्त तुला म्हणून सांगतोय."

मग तळमजल्यावरच्या वालेंतिनाबाईंचा फोन आला. त्यांनाही फक्त त्यांनाच म्हणून कालव्याकडचा रस्ता मिळाला. मग दुधाच्या दुकानवाल्याचा मेहुणा. मग बाबांच्या शाळेतला एक मित्र, ज्याचं नाव बाबांना आठवत नव्हतं, पण रस्ता त्यालाही दिला. नऊ फोन मी मोजले, आणि मग तेलाकडे लक्ष द्यावं लागलं. कुबात हा तसा सज्जन माणूस. त्यानं कुणालाच सांगितलं नाही, फक्त इमारतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. तिथून ते कुठे कुठे गेलं, देव जाणे.

एकच्या सुमाराला व्याह्यांचा फोन आला. बूमचा घाट ओलांडला होता त्यांनी. बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले आणि बस स्टँडवरच्या घोषणेसारखं बोलले, "आता तोकमोकच्या पुढे कालव्याचा रस्ता. सरळ, मोकळा, दोन्हीकडे सावली. तीनला चहा."

तीन वाजले. सव्वातीनला सामातचा फोन आला.

"बाबा, आम्ही कालव्यावर आहोत."

"बघ. छान आहे ना?"

"छान आहे. चाळीस मिनिटं झाली, तेच एक झाड बघतोय."

बाबा म्हणाले, पुढे मोकळं होईल. मग त्यांनी इसाकला फोन लावला. घंटी वाजत राहिली, वाजून वाजून बंद पडली. पुन्हा लावला. शेवटी इसाकच्या बायकोनं उचलला. "ते नाहीत इथे," ती म्हणाली. "कालव्याकडच्या रस्त्यावर गर्दी फार आहे म्हणे, सगळी कलिंगडं तिकडेच घेऊन गेलेत."

मी दारातून बघत होते. बाबांनी फोन खिशात ठेवला, परत काढला आणि त्याच्या काळ्या स्क्रीनकडे बघत बसले. तेवढ्यात कुबातचाच फोन आला. कालव्यावरच्या अरुंद पुलावर गव्हाचा हार्वेस्टर बंद पडून आडवा झाला होता. मागे गाड्यांची रांग, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला बिटाचं शेत. वळायला जागा नाही. "दादा," कुबात अगदी शांतपणे म्हणाला, "तुम्ही हा रस्ता एकूण किती जणांना सांगितलात?"

"दोघा-तिघांना," बाबा म्हणाले.

सासूबाई हात पुसत बाहेर आल्या. बैठकीत पाहुणे खोळंबले होते, शेजारच्या म्हाताऱ्या पेंगायला लागल्या होत्या. बेगिमाय नवा ड्रेस चुरगळू नये म्हणून दोन तास उभीच होती.

"तुम्ही त्यांना तिथे पाठवलंत," सासूबाई बाबांना म्हणाल्या. "आता आपण तिथे जायचं."

"कुठे जायचं? रस्ता बंद आहे."

"त्यांच्या बाजूनं बंद आहे. आपल्या बाजूनं कोण जाणार आहे रविवारी संध्याकाळी सरोवराकडे?"

एकतीस वर्षं त्या रस्त्यावर काढलेल्या माणसाला हे सुचलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोर्सोकच्या टोपलीवर कापड बांधायला घेतलं.

घरच्या पाहुण्यांना चहा आणि अर्धे बोर्सोक देऊन आम्ही निघालो. आमची जुनी सात माणसांची गाडी. माझा नवरा एरलिस चालवायला, त्याच्या शेजारी बाबा, मधे सासूबाई आणि बेगिमाय, मागे दोन आत्यांच्या मधे मी, आणि आमच्या तिघींच्या मांडीवर मटणाचं पातेलं, नूडल्सचा डबा, बोर्सोकची टोपली. जाणारा रस्ता इतका रिकामा होता की एरलिसला गाणं सुचलं. सासूबाईंनी मागून त्याच्या खांद्यावर बोट ठेवलं, तसा तो थांबला. बाबा तासभर खिडकीबाहेर बघत होते.

हार्वेस्टर पुलावर खरोखरच आडवा होता. एक म्हातारा त्याच्या पोटात कमरेपर्यंत शिरला होता, बाहेर फक्त पाय दिसत होते. आम्ही गाडी अलीकडे लावली आणि कठड्याला घासत पलीकडे गेलो. बेगिमायनं ड्रेस वर धरला होता, आत्यांनी पातेलं.

आणि मग ती रांग. बाबा पुढे, आम्ही मागे. पहिल्याच चार गाड्या आमच्या इमारतीतल्या.

"जुमादिलदादा," दुधवाल्याचा मेहुणा खिडकीतून म्हणाला, "कुत्रंसुद्धा नसतं म्हणाला होतात. कुत्री आहेत. मी सहा मोजली."

वालेंतिनाबाई मांजर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "फक्त मलाच सांगितलंत, बरं का," त्या म्हणाल्या. "मी केवढी खूश झाले होते."

कुबात रस्त्यावर खुर्ची मांडून, पायावर टॉवेल टाकून बसला होता. "या दादा. तोंड उघडा. बघू, अजून काय काय निघतं आतून."

प्रत्येक गाडीशी काहीतरी ऐकावं लागत होतं. बाबा टोपी हातात घेऊन, मान जराशी वाकवून चालत होते. अर्ध्या वाटेत इसाक भेटला, झाडाखाली कलिंगडं कापत. त्यानं चाकू वर करून सलाम केला. "दोस्ता, असा रविवार दहा वर्षांत लागला नव्हता," तो म्हणाला. बाबा तिथेही थांबले नाहीत.

व्याह्यांची गाडी बरीच मागे होती. विहीणबाई, कालिपा, उंच, करड्या चेहऱ्याची बाई. शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि तशाच बसल्या होत्या, फक्त बूट काढून पाय कालव्यात सोडले होते. शेजारी व्याही ओस्मोनकुल, सामात, आणि सामातचा काका झोपलेला.

कालिपाबाईंनी पाय बाहेर काढले नाहीत. "या व्याही," त्या म्हणाल्या. "तुमचा रस्ता चांगला आहे. सावली आहे. सगळ्या देशाला आवडलाय."

मला वाटलं, बाबा हार्वेस्टरवर खापर फोडतील. फोडता आलं असतं. पण ते गवतावर बसले आणि टोपी गुडघ्यावर ठेवली.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "मीच सगळ्यांना सांगितलं. नऊ-दहा जणांना तरी. प्रत्येकाला म्हटलं, फक्त तुला सांगतोय."

"का?"

बाबांनी गुडघ्यावरची टोपी उलटी-सुलटी केली. "बस चालवायचो तेव्हा दिवसाला पन्नास माणसं विचारायची. कधी पोचणार, कुठे थांबणार. आता घरात मला कुणी काही विचारत नाही. मग फोन आला की मला नाही म्हणवत नाही."

मी टोपलीची गाठ सोडत होते, ती तशीच हातात राहिली. सासूबाईंनी खाली बघितलं. सकाळपासून मीही बाबांना फक्त 'पाय वर घ्या, झाडायचंय' एवढंच म्हटलं होतं.

कालिपाबाईंनी पाय पाण्यातून काढले, रुमालानं पुसले, बूट घातले. "सामात," त्या म्हणाल्या, "माझी पर्स आण. आणि काकाला उठव. मुलगी आलीय, मटण आलंय, कुड्या माझ्याजवळ आहेत. आता आणखी कशासाठी थांबायचं?"

गाडीतलं गालिच्याचं आसन गवतावर आलं. बेगिमाय त्यावर बसली. कालिपाबाईंनी तिच्या कानात चांदीच्या लांब कुड्या घातल्या. एकीचा आकडा लागेना, तेव्हा कुबात टॉवेल झटकून पुढे झाला. "बारीक कामाची सवय आहे मला," म्हणाला, आणि त्यानं तो लावून दिला. पांढरा रुमाल बांधला गेला. आसपासच्या गाड्यांतून लोक उतरून बघायला आले होते. दुआ द्यायला तिथलं सगळ्यात वयस्क माणूस हवं, म्हणून शोध सुरू झाला. शेवटी एरलिस धावत जाऊन पुलावरच्या हार्वेस्टरवाल्या म्हाताऱ्याला घेऊन आला. वय शहाऐंशी. त्यानं ग्रीसनं काळे झालेले तळवे आकाशाकडे उघडले आणि लांबलचक दुआ दिली. त्यात मुलांबाळांचा उल्लेख होता, गव्हाचा होता, आणि हार्वेस्टरचा पट्टा टिकावा असंही मधेच आलं. सगळे "ओमिन" म्हणाले आणि चेहऱ्यावरून हात फिरवले.

मग जेवण. आमचं मटण, वालेंतिनाबाईंनी आणलेली जर्दाळू, कुणाकुणाचे सरोवरावरून घेतलेले सुके मासे, इसाकची कलिंगडं. त्यानं पैसे घेतले नाहीत. सकाळपासून पुरेसे मिळालेत म्हणाला. हार्वेस्टरवाल्या म्हाताऱ्याला मानाचा तुकडा दिला, तेव्हा तो खाता खाता सहज म्हणाला, "पट्टा मघाशीच बसवला मी. हार्वेस्टर चालू होईल आता."

"मग काढा की पुलावरून," मागून कुणीतरी म्हणालं.

"आधी खाऊ दे," म्हातारा म्हणाला. शहाऐंशी वर्षांच्या माणसाला घाई करा, असं सांगायला कुणी पुढे आलं नाही, कारण तोंडं सगळ्यांचीच भरलेली होती. असे आम्ही पाऊण तास बसलो. बाबांच्या भोवती आठ-दहा माणसं जमली होती आणि ते त्यांना एकोणनव्वद सालच्या बर्फात बस कशी काढली ते सांगत होते. कालिपाबाई पण ऐकत होत्या, मधे मधे प्रश्न विचारत.

घरी पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. खोळंबलेले पाहुणे केव्हाच निघून गेले होते. व्याह्यांना रात्री ठेवून घेतलं, म्हणजे सासूबाईंनी आधी सांगितलं होतं तेच झालं. त्या तसं बोलल्या नाहीत, पण अंथरुणं घालताना उशा जरा जोरात आपटत होत्या.

सकाळी चहाला लग्नाची तारीख ठरवायला बसलो. कालिपाबाईंनी कॅलेंडर मागवलं, चष्मा लावला आणि सप्टेंबरातला एक बुधवार दाखवला.

"बुधवारी लग्न कोण करतं?" एक आत्या म्हणाली. "लोकांना सुट्ट्या घ्याव्या लागतील."

"घेतील," कालिपाबाई म्हणाल्या. "व्याही, बुधवारी रस्ता कसा असतो?"

बाबा खुर्चीत सरळ झाले. "रिकामा," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "पण मी हे कुणाला सांगणार नाही."

लग्न बुधवारीच झालं, काराकोलजवळ सामातच्या घरी. बाबांनी ओळखीच्या कुणाचीतरी बस मागून आणली आणि इमारतीतल्या चाळीस माणसांना घेऊन स्वतः चालवत गेले, हमरस्त्यानं, सरळ. आम्ही दीड तास आधी पोचलो. तिथे मांडवसुद्धा उभा राहायचा होता. बाबा उतरले, कंबर ताणली, आणि दिवसभर जो भेटेल त्याला सांगत राहिले की अशा मोकळ्या रस्त्यावर ड्रायव्हरला काही मजा येत नाही.