उत्तरार्धात उठणारा बाजार

समुद्रातल्या तेलाच्या धंद्याचं पुढच्या वर्षी काय होणार, हे सांगायचा मला पगार मिळतो. 'मंदी' हा शब्द अहवालात येता कामा नये, असा साहेबांचा दंडक आहे. धंदा बसला की आम्ही 'बाजार सावध आहे' असं लिहितो आणि तो पुढच्या वर्षाच्या उत्तरार्धात उठेल, असं ठोकून देतो. पूर्वार्धात कधीच नाही. पूर्वार्ध फार जवळ असतो, लोकांच्या लक्षात राहतं.

माझा मेहुणा पाणबुड्या आहे. समुद्राच्या तळाशी उतरून तेलाच्या नळांचे सांधे जोडतो. धंदा बसल्यापासून कामं तुटक झाली होती, आणि दर वर्षी माझा अहवाल वाचून तो उत्तरार्धाची वाट बघायचा. आमच्या घरात अहवाल वाचणारा तो एकटाच. बायको तो डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घालते.

पाण्याच्या दाबाने त्याचा उजवा कान कधीच गेला होता. आता डॉक्टरांनी सांगितलं, आणखी खाली उतरलास तर डावाही जाईल. हे त्याने कंपनीपासून लपवलं. बहिणीपासून, म्हणजे माझ्या बायकोपासून, लपवणं त्याला जमलं नाही. त्याच सुमाराला कंपनीने त्याला किनाऱ्यावरच्या कंट्रोल रूममध्ये जागा देऊ केली. खुर्चीत बसायचं आणि तळाशी काम करणारा रोबो पडद्यावर बघून चालवायचा.

"खुर्चीत बसून समुद्रात उतरायचं? त्यापेक्षा भांडी घासेन," असं म्हणत तो आमच्याकडे जेवायला आला. शनिवारी कंपनीला उत्तर द्यायचं होतं, आणि त्याआधी त्याला माझं मत हवं होतं.

पंचाईत अशी की यंदा लक्षणं खरोखरच चांगली होती. समुद्रात विहिरी खणणाऱ्या, गंजत पडलेल्या रिग रंग मारून बाहेर काढत होते. नव्या विहिरींची कंत्राटं निघत होती. रोबो सरळ कामात तरबेज, पण वाकड्या सांध्यापाशी अडून बसायचे, म्हणून पाणबुड्यांची चौकशी सुरू झाली होती. आयुष्यात पहिल्यांदाच मी 'उठेल' असं मनापासून लिहिलं होतं. साहेबांनाच धाकधूक वाटली. "थोडं 'सावध' घाल," म्हणाले.

स्वयंपाकघरात बायकोने विचारलं, "यंदा काय छापलंय?"

"चांगलं आहे."

"मग जेवण होईपर्यंत ते वाईट असू दे."

मेहुणा नेहमीप्रमाणे डावा कान माझ्याकडे करून बसला.

"दाजी, उत्तरार्धात उठेल ना?"

"छापलंय तसं."

"छापलेलं राहू द्या. तुम्हाला काय वाटतं ते सांगा."

"गेल्या वर्षी काय छापलं होतं?"

"उठेल."

"उठला?"

"नाही."

"त्याच्या आदल्या वर्षी?"

तो पोळीचा तुकडा मोडू लागला.

"पाणबुड्यांचे दिवस संपले रे," मी म्हणालो. "रोबोला कान नसतात. फुटायची भानगडच नाही."

जीभ जराही अडखळली नाही; इतक्या वर्षांची नोकरी कुठेतरी कामाला आली. त्याचं तोंड एवढंसं झालं. मला स्वतःची लाज वाटली. बायकोने मला न विचारता आणखी भाजी वाढली.

त्याने खुर्ची धरली. आणि उत्तरार्धात बाजार असा उठला की पाणबुड्यांना दुप्पट दर मिळू लागला. साहेबांना अचूक अंदाजाबद्दल ढाल मिळाली. ती आमच्या ऑफिसात कुठे ठेवावी हे कोणालाच कळेना, कारण आधीची एकही नव्हती.

मेहुण्याच्या घरी मी जायचं टाळत होतो. शेवटी बायकोने नेलंच. तो दारातच म्हणाला, "दाजी, बाजार उठला."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माझा अंदाज चुकला," मी म्हणालो. आमच्या धंद्यात हे एकच वाक्य कोणी तपासून बघत नाही.

 तो चिडला होता आणि त्याचं चिडणं रास्त होतं. "सगळी पोरं समुद्रात आहेत," तो म्हणाला, "आणि मी दिवसभर खुर्चीत. तुमचं एक तरी कधी बरोबर येतं का हो?"

तेवढ्यात आतल्या खोलीतून त्याच्या मुलीने हाक मारली. फार मोठ्याने नाही.

"आलो गं," म्हणत तो आत गेला.