लेकीचा पुतळा

वाकड्या पाठीच्या मुलांसाठी बेल्ट बनवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मुलाच्या अंगावरून साचा घ्यायचा, त्यात प्लास्टर ओतून धडाचा पुतळा करायचा. मग फुगलेली बाजू कानशीने खरवडायची, दबलेली भरायची आणि त्या सरळ केलेल्या पुतळ्यावर तापवलेलं प्लॅस्टिक ओढून बेल्ट करायचा. रोजचंच काम. पण स्वतःच्या पोरीची वेळ आली आणि गड्याचं डोकंच फिरलं.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे समोर धरून स्वच्छ सांगितलं होतं, "हिचा एक मणका जन्मापासून अर्धाच आहे. बेल्टने तो पुरा होत नाही. पोर वाढेल तसा बाक वाढणार, फुप्फुसाला जागा उरणार नाही. ऑपरेशन आत्ताच करायला हवं."

"माझ्या लेकीच्या पाठीला सुरी? मी काय मेलोय?" असं म्हणून तो तरातरा निघाला. त्याच संध्याकाळी त्याने आधीच ओतून वाळवलेला तिचा पुतळा खरवडून सुतासारखा सरळ केला.

सकाळी बघतो तर पुतळा पुन्हा वाकडा! उजवी बाजू फुगलेली, गुळगुळीत, कानशीचा एक ओरखडाही नाही. प्लास्टरला ओल धरली असेल, असं त्याने मनाला समजावलं. पुन्हा खरवडलं, वर्कशॉपच्या दाराला कुलूप घातलं. दुसऱ्या सकाळी बाक आणखी वाढलेला.

आता तो इरेला पेटला. पुतळ्याला कवेत धरून त्याने कानस दाबून दाबून चालवली. हाताला प्लास्टर कोमट लागलं. ओलं प्लास्टर घट्ट होताना गरम होतं, हे त्याला ठाऊक होतं; पण हा पुतळा खडखडीत वाळून आठवडा झाला होता. तरी मेल्याचा हात थांबला नाही.

घरी आला तर बायको पोरीचा फ्रॉक बदलत होती. "अहो, इकडे या आधी," ती म्हणाली. "हिच्या बरगड्यांवर हे काय?"

उजव्या कुशीवर लालभडक रेघा होत्या. बारीक, एकसारख्या, एकीला लागून एक. कानशीचे दात त्याने झोपेतही ओळखले असते.

पोरगी त्याच्याकडे बघून कसनुशी हसली. "बाबा, उद्या जरा हळू खरवडा ना. मी सरळ व्हायचा खूप प्रयत्न करते, पण होतच नाही."

त्याने डॉक्टरीणबाईंना फोन लावला खरा, पण हुंदक्यांपुढे शब्द फुटेना. शेवटी बायकोने फोन हातातून घेतला आणि सांगितलं, "करा ऑपरेशन."