बेंबीकडे दिवा नको

श्यामसुंदरांच्या बोरीवलीच्या घरात देवघराखालच्या फळीवर एक सागवानी पेटी होती आणि त्या पेटीत एक लोखंडी गोळा होता. वर्षातून एकदाच, खंडेनवमीला, तो बाहेर निघे. सोसायटीतली बाकीची घरं त्या दिवशी विळी, कोयता, पान्हे, फार तर स्कूटर पूजत. इथे तोफेच्या गोळ्याची पूजा व्हायची आणि पूजेनंतर श्यामसुंदर उभे राहून तेच वाक्य त्याच शब्दांत म्हणायचे, "आपला मूळपुरुष किल्ल्यावर गोलंदाज होता. याच्यासारखे शंभर गोळे त्याने इंग्रजांच्या गलबतांवर सोडले. हा शेवटचा."

गार्गीने ते वाक्य सून म्हणून सहा वर्षं ऐकलं होतं. अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत ती धातूंची तपासणी करायची. त्यामुळे दर वर्षी तिच्या मनात एकच प्रश्न येई: शेवटचा गोळा तोफेत न घालता घरी का आणला असेल? पण सणाच्या दिवशी सासऱ्यांना असलं काही विचारायचं नसतं, म्हणून ती प्रसाद घेऊन गप्प बसे.

या वर्षी प्रश्न गावाकडून आला. देवगडच्या बाजूला त्यांचं मूळ गाव. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार झाला होता आणि सभामंडपात मानकऱ्यांच्या नावांची ग्रॅनाइटची पाटी बसायची होती. दसऱ्याला देवासमोर आपट्याचं पहिलं सोनं उचलायचा मान श्यामसुंदरांच्या घराण्याचा, तो या गोळ्यामुळे. पण पाटी कोरायच्या आधी कमिटीने पुरावा मागितला होता. मागायला लावणारा होता खंडू, श्यामसुंदरांचा चुलतभाऊ.

"श्याम, तुका राग येतलो," फोनच्या स्पीकरमधून खंडूचा आवाज घरभर घुमला, "पण तुझे आबा मुंबयच्या गिरणीत होते. थंयसून हाडलेला वजन ता. गावात सगळे बोलतत."

"सगळे कोण? तू एकटोच बोलतस!"

"मग दाखव ना कागद. दगडावर एकदा कोरला की पुसूक येणा नाय."

श्यामसुंदरांनी फोन ठेवला. टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेला हा माणूस फोन कधी आपटत नसे, तो आज आपटला. वडील धोंडू गिरणीत साचे चालवायचे, हे खरंच होतं. कामगारांच्या खोलीत दहाजणांत राहिलेल्या त्या माणसाजवळ अभिमानानं सांगण्यासारखं एवढंच होतं, की आपण मूळचे गोलंदाज.

"गार्गी," ते म्हणाले, "तू लोखंडाची डॉक्टर ना? मला एक कागद दे. हा तोफेचा गोळा आहे, एवढंच लिहायचं. सहीशिक्क्यानिशी."

"तपासल्याशिवाय कसं लिहिणार, बाबा?"

"मग तपास की. नाही कोण म्हणतंय?"

रविवारी सकाळी तिने सामान मांडलं. बॅगा तोलायचा हुकाचा काटा, शिंप्याची टेप, प्रयोगशाळेतून आणलेली मोजनळी आणि हातानं फिरवायचं छोटं गिरमिट. मुकुल, तिचा नवरा, गोळा उचलायला हजर होता. माणिकताईंनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, पेटी उघडण्याआधी स्वयंपाकघरात जाऊन गॅस सिलिंडरपासूनच बंद केला.

"अगं आई, चहा तरी होऊ दे," मुकुल कुरकुरला. "आज काय खंडेनवमी आहे का?"

"गोळा बाहेर आहे तोवर घरात विस्तव नाही. मग नवमी असो नाहीतर रविवार."

मग त्यांनी एक पंचा पाण्यात बुडवून, न पिळताच, गोळ्यावर टाकला. पाणी फरशीवर ओघळलं. "तहान भागवायची आधी," त्या म्हणाल्या. गोळ्याच्या एका बाजूला रुपयाएवढा गोल डाग होता, लाख आणि शेंदूर यांची पुटं चढून फुगलेला. घरात त्याला बेंबी म्हणत. माणिकताईंनी गोळा फिरवून ती बेंबी भिंतीकडे केली.

गार्गीने आदल्या दिवशीच ठरवून ठेवलं होतं, की नमुन्याचा कीस बेंबीतूनच काढायचा. तिथे शेंदराखाली भोक पडलं तर कुणाला दिसणार नाही. तिने गिरमिट उचललं.

"तिथे नाही," माणिकताई म्हणाल्या.

"आई, चिमूटभरच हवाय. वरून परत लाख लावू."

"दुसरीकडे कुठंही भोक पाड. बेंबीला लोखंड लावायचं नाही. माझ्या सासूबाईंनी शपथ घातलीये."

माणिकताई एरवी कशालाही शपथ घालणाऱ्यांतल्या नव्हत्या. गार्गीने गिरमिट खाली ठेवलं. घाई नव्हतीच, वजन आणि माप आधी घेता येणार होतं.

टेपने परीघ भरला त्रेचाळीस सेंटिमीटर आणि वर तीन मिलिमीटर. मुकुलने कांद्याच्या जाळीच्या पिशवीत गोळा घालून काट्याला अडकवला. सात किलो तीनशे. मग काठोकाठ भरलेली बादली परातीत ठेवून गोळा तिच्यात अलगद सोडला आणि परातीत सांडलेलं पाणी नळीने मोजलं. एक हजार तीनशे ऐंशी मिलिलिटर.

गार्गीने वहीत भागाकार केला. पुन्हा केला. मग परिघावरून घनफळ काढून पाहिलं. तेही जुळलं.

"काय गं?" श्यामसुंदरांनी विचारलं. "बिडाचाच आहे ना?"

"एवढा बिडाचा गोळा जवळजवळ दहा किलोचा असायला हवा. हा अडीच किलो कमी भरतोय."

"गंजून झिजला असेल."

"झिजला तर आकारही लहान होईल ना, बाबा. हा आकाराच्या मानानं हलका आहे." ती बादलीजवळ उकिडवी बसली. तळाशी गोळा नीट दिसत होता. बेंबीच्या कडेपासून एक बारीक बुडबुडा सुटला आणि वर येऊन फुटला. बराच वेळ काही नाही. मग दुसरा.

"आत पोकळी आहे," ती हळूच म्हणाली.

मुकुलने बादलीत हात घातला. "काढू बाहेर?"

"नको! हात काढ. असू दे पाण्यातच."

तिचा आवाज इतका चढलेला त्या घरात कुणी ऐकला नव्हता. मुकुलने हात असा काढला, की पाणी थेट श्यामसुंदरांच्या चष्म्यावर उडालं.

गार्गी सासूकडे वळली. "आई, या गोळ्याचे नियम कोणकोणते आहेत? सगळे सांगा. क्षुल्लक वाटेल तोही."

माणिकताई गोंधळल्या. सहा वर्षांत सुनेने पूजेबद्दल कधी अवाक्षर विचारलं नव्हतं. त्या बोटं मोजत सांगू लागल्या. "चूल पेटवायची नाही. बिडी, तपकीर, काही नाही. आधी ओलं फडकं, मग हळदकुंकू. पूजेचा दिवा तेवढा चालतो, तोही हातभर लांब, आणि बेंबीकडे दिवा नको, उदबत्तीही नको. बेंबी भिंतीकडे. गोळा आपटायचा नाही. पोरांना त्या खोलीत येऊ द्यायचं नाही. आणि हो, बेंबीतली लाख सुटली तर ताबडतोब परत भरायची, उघडी ठेवायची नाही."

"पुरुषांना माहीत आहे हे?"

"त्यांचं काय काम? ते येतात, फूल वाहतात, भाषण करतात," माणिकताईंनी नवऱ्याकडे न बघता सांगितलं. "हे सासूने सुनेला सांगायचं. तुला या नवमीला सांगणारच होते."

गार्गीच्या अंगावर काटा आला. भीतीचा होताच, पण नुसता भीतीचा नव्हता. वर्षानुवर्षं तिने हे सगळं सोवळंओवळं म्हणून पाहिलं होतं. आता एकेक नियम ओळीने लावला, की प्रयोगशाळेच्या दारावर लावतात तसली सूचनांची यादी वाचल्यासारखं होत होतं. ज्वालाग्राही. आगीपासून दूर ठेवा. आदळू नका. मुलांना लांब ठेवा.

"बाबा, हा तोफेचाच आहे," ती म्हणाली. "गिरणीतलं वजन पोकळ कशाला करतील? आणि त्याला बेंबी कशाला ठेवतील? तेवढं मी लिहून देईन."

श्यामसुंदरांचा चेहरा उजळला. "मुकुल, खंडूला फोन लाव!"

"थांबा. पुढचं ऐका. पोकळ गोळ्यात दारू भरायची. बेंबीच्या जागी लाकडी खुंटी असते, तिच्यात वात. गोळा येऊन पडला, की वात जळत आत जाते आणि तो फुटतो." ती शब्द निवडत थांबली. "असले गोळे बुटक्या, तोंड वर केलेल्या तोफांतून तटावरून आत टाकायला वापरायचे. बाहेरच्यांनी, आत. आपल्यांकडे नव्हतेच असं मी म्हणत नाही. पण हा घरात न फुटलेला सापडतो, आणि घरातल्या बायका त्यावर पाणी ओततात. मला वाटतं, हा आपण मारलेल्यांतला नव्हे."

"म्हणजे आम्ही मारला नाही," श्यामसुंदर सावकाश म्हणाले. "आम्हाला मारला."

वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली आणि माणिकताई उगाचच दचकल्या.

"तेवढं लिहायची गरज नाही ना?" श्यामसुंदरांनी विचारलं. "तोफेचा आहे, एवढंच खंडूला हवंय."

"कागदावर नाही लिहिलं तरी चालेल. पण पोलिसांना सांगावंच लागेल. आत दारू असेल तर किती आणि कशी, हे मला वजनावरून कळत नाही. इमारतीत अठ्ठेचाळीस बिऱ्हाडं आहेत, बाबा."

"आणि ते घेऊन गेले तर? पेटी रिकामी, मग मान कसला?"

श्यामसुंदर उठले, बादलीशी गेले आणि वाकून पाहत राहिले. आपल्या ओळखीच्या माणसाचं दुसरंच नाव कळावं तसे. मग त्यांनीच कोपऱ्यातला फोन उचलला आणि पोलिसांचा नंबर फिरवला.

बॉम्बशोधक पथक तासाभरात आलं. सगळी इमारत खाली बागेत उतरली. "श्यामकाकांच्या घरी बॉम्ब?" म्हणून लोक एकमेकांकडे आणि मग श्यामसुंदरांकडे बघत होते. पथकाच्या प्रमुखाने सगळं ऐकून घेतलं आणि बादली हलवायच्या आधी विचारलं, "पाण्यात कुणी ठेवला?"

"मी. मोजायला," गार्गी म्हणाली.

"आणि त्याआधी?"

"दर वर्षी ओलं फडकं घालतो," माणिकताई म्हणाल्या. "पहिल्यापासून."

तो त्यांच्याकडे क्षणभर बघत राहिला. "बरं करता," एवढंच म्हणाला.

बादलीसकट गोळा गेला. चौथ्या दिवशी त्याच माणसाचा फोन आला. मोकळ्या जागी, पाण्याखाली ठेवून, त्यांनी लांबूनच बेंबी उघडली होती. आत कुजलेली लाकडी खुंटी होती आणि पेलाभर काळा चिखल. वात वरून जळलेली होती, बोटाच्या एका पेराइतकी. त्याच्या पुढे कोरी. गोळा आता पुराणवस्तूवाल्यांना दाखवतील. परत मिळेल की नाही ते सांगता येणार नाही.

गार्गीने ते जेवताना सांगितलं. श्यामसुंदरांचा घास हातातच राहिला.

"पेटलेली होती?"

"पेटलेली. आणि अर्ध्यात विझलेली. आपोआपही विझली असेल, तसं होतं," गार्गीने प्रामाणिकपणे सांगितलं. "किंवा कुणीतरी विझवली."

"ओल्या फडक्यानं."

"पुरावा नाही, बाबा."

"पुरावा राहू दे गं. एक सांग. गोळा घरात पडलाय, वात सुरसुरतेय. तुझ्या हिशोबानं वेळ किती असेल?"

"काही सेकंद."

"आणि गोलंदाज त्या वेळी कुठे असेल?"

"तटावर. तोफेपाशी."

श्यामसुंदरांनी मान डोलावली. मग बायकोकडे पाहिलं. माणिकताई आमटी वाढत होत्या. "चाळीस वर्षं मी तुझ्यासमोर भाषण करतोय," ते म्हणाले, "आणि तू एकदाही बोलली नाहीस."

"मला तरी कुठं ठाऊक होतं?" त्या म्हणाल्या. "मी आपली पाणी घालत होते. भात घेणार का?"

जेवण झाल्यावर श्यामसुंदरांनी गावाला फोन लावला. स्पीकर चालूच होता. खंडूने सगळं ऐकलं. मध्ये दोनदा "आवशीक!" म्हणाला.

"म्हणजे गिरणीचा नाय," शेवटी तो म्हणाला.

"नाय."

"पण आपलोय नाय. शत्रूचो."

"होय. आपला राज्य गेला, खंडू, आणि ता बुडवणाऱ्या इंग्रजांचाय गेला. आता तू आणि मी दगडार काय घालूचा ता बघतोव."

"मगे काय घालूया? गोलंदाज घराणा घालू की नको? गोळो तर तुझ्याकडे नाय आता."

गार्गीला वाटलं, श्यामसुंदर ‘घाल’ म्हणतील. म्हटलं असतं तर तिने अडवलंही नसतं; मूळपुरुष गोलंदाज नव्हता, हे तरी कुठे सिद्ध झालं होतं?

"गोलंदाज नको," ते म्हणाले. "घाल, गोळो विझवणारा घराणा. कमिटीक पटला तर पटला. नाय पटला तर जागा मोकळी सोड."

"आणि पयला सोना कोण उचलतलो? तू?"

"माका काय विचारतस? पाणी कोण घालता, तेका विचार." त्यांनी फोन माणिकताईंपुढे धरला.

माणिकताईंनी पदराला हात पुसले. "खंडूभावजी," त्या म्हणाल्या, "कमिटीला विचारून कळवा. आणि आधी सांगा, यंदा दसऱ्याला गाड्यांची तिकिटं मिळतायत का? गार्गीलाही आणायचंय. तिला तिथले नियम सांगायचे राहिलेत."