पडद्यावरचं पातं

जगन्नाथ परचुरे अमेरिकेतल्या पार्सिपनीत राहत, पंपांच्या कंपनीत नोकरी करत आणि उरलेल्या वेळात मेलेल्या विमानांची चौकशी करत. सगळ्यांची नव्हे, महायुद्धात अमेरिकेनं इंग्रजांना पुरवलेल्या ऑटोजायरोंची. ऑटोजायरो म्हणजे डोक्यावर हेलिकॉप्टरसारखी पाती, नाकावर विमानासारखा पंखा, आणि दोघांच्याही पंगतीत पाट नाही असं यंत्र. परदेशातल्या मराठी माणसाला त्याचा लळा लागावा यात नवल नव्हतं.

कित्येक वर्षं ते इंग्लंडला पत्रं पाठवत होते. उत्तरं एकजात सुतकी. कुणी बोटीसकट अटलांटिकच्या तळाशी, कुणी आपटून मोडलेलं, उरलेली भंगारात.

"एवढ्या चौकशा वीणासाठी केल्या असत्या तर लग्न उरकलं असतं," सुलभाकाकू म्हणत.

"आय हर्ड दॅट, मॉम," वरच्या खोलीतून वीणा म्हणे.

आणि शहाऐंशीच्या उन्हाळ्यात स्टेट कॉलेज नावाच्या गावाजवळच्या एका शेतकऱ्याच्या कोठारात चक्क एक पातं सापडलं. इंग्लंडला जायचं राहून गेलेलं, सुटं, लांबलचक. आत पोलादी नळी, तिच्यावर लाकडी फासळ्या, फासळ्यांवर कापड. कापड उंदरांनी खाल्लं होतं आणि उरलेलं कोंबड्यांनी रंगवलं होतं. पण नळीच्या बुडाशी नंबर शाबूत होता. विमानांच्या एका संग्रहालयाचे क्रेमरसाहेब फोनवर म्हणाले, शनिवारी येऊन बघतो; अस्सल निघालं तर दालनात ठेवू, खाली पाटीवर तुमचं नाव. परचुऱ्यांनी त्याच दिवशी नवा टाय आणला.

पातं त्यांनी गॅरेजमध्ये ठेवलं. इथेच चुकलं.

गॅरेज कागदोपत्री परचुऱ्यांचं असलं तरी व्यवहारात ते मराठी मंडळाचं होतं. सतरंज्या, समया, थर्माकोलचं मखर, पिठल्याची पातेली, सगळं तिथे. आणि किल्ली कमिटीतल्या प्रत्येकाकडे. शनिवारी क्रेमरसाहेबांना शेजारी उभं करून परचुऱ्यांनी शटर वर केलं, तेव्हा कोपऱ्यात लाकडी फासळ्यांची मोळी नीट दोरीनं बांधून ठेवलेली होती. नळी नव्हती.

त्याच शनिवारी मंडळाचा गणेशोत्सव होता. दोघे शाळेच्या हॉलवर पोचले तसा मंडळाचा सेक्रेटरी शैलेंद्र झब्ब्याच्या बाह्या सावरत समोर आला.

"काका, टेन्शन नका घेऊ यार. लाकडं फेकली नाहीत, पुढच्या वर्षी मखराला यूज करू. पण पाइप काय निघाला! गेल्या वर्षी पडदा झोळीसारखा लोंबत होता, हिरॉइन त्यात अडकली होती, आठवतंय ना?"

"अरे शैलेंद्र, ते विमानाचं पातं आहे!"

"होतं काका. आता बघा."

नळीला अडकवलेला पडदा खरोखरच ओळंब्यात होता. क्रेमरसाहेब शिडीवर चढले. प्रेक्षकांना वाटलं इलेक्ट्रिशियन आला. कुणीतरी खालूनच त्यांच्या हातात मोदक दिला. मोदक दातांत धरून त्यांनी टॉर्चच्या उजेडात नंबर वाचला आणि खाली उतरले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. नळी अस्सल होती. आजच हवी होती.

"आज? अजून नाटक व्हायचंय," शैलेंद्र म्हणाला. "दिवाळीला फार्स आहे, संक्रांतीला बालनाट्य. शिवाय काका, रूल तुम्हाला माहितीय. उत्सवात वापरलेली वस्तू मंडळाची. बाहेर द्यायची तर जनरल बॉडीचा ठराव लागतो."

"मग ठराव करा!"

"कोरम कुठून आणू? स्थापनेपासून एकदाही झालेला नाही."

मंडळाची घटना परचुऱ्यांनीच लिहिली होती. पातेली लोक घरी नेत, म्हणून तो नियम त्यांनी मुद्दाम कडक केला होता.

तिसरी घंटा झाली. परचुरे आणि क्रेमरसाहेब पहिल्या रांगेत बसले. पडदा सर्रकन बाजूला गेला, कुठेही न अडकता, आणि हॉलमध्ये त्या संध्याकाळची पहिली टाळी पडली ती पडद्याला. क्रेमरसाहेबांनीही वाजवली. परचुऱ्यांनी टाय सैल केला.

दुसऱ्या दिवशी परचुऱ्यांनी आपला ऑटोजायरोंचा तक्ता पुढे ओढला. एकेका यंत्रापुढे 'बुडालं', 'मोडलं', 'भंगारात' असं लिहिलेलं होतं. शेवटची, या पात्याची ओळ तेवढी रिकामी होती. बराच विचार करून त्यांनी तिथे लिहिलं: 'सेवेत'.