डागाळलेल्या पानांचं मीठ

त्या उन्हाळ्यात पियालुच्या मडक्यात चिमूटभरच मीठ उतरलं आणि शिंगू नदीकाठच्या मेहिनाकू जमातीच्या गावात कुजबुज सुरू झाली.

तळ्यातली जलपर्णी उपसायची, वाळवायची, जाळायची, राखेतून पाणी गाळायचं आणि ते आटवायचं, की तळाशी करडं मीठ धरतं. तेवढे दिवस बाईनं नवऱ्यापासून लांब राहायचं, हा शिंगूकाठचा नेम.

"नेम मोडला असणार," शेजारची कैयालु सगळ्यांदेखत म्हणाली. "नवा नवरा, झोपायच्या झोळ्या शेजारी-शेजारी! मीठ बिचारं लाजलं!"

बायका खिदळल्या. पियालु घरात शिरली ती बाहेर येईचना.

तिची वहिनी तकुलालु वीस उन्हाळे मीठ करत आली होती. तिनं नणंदेच्या उरलेल्या ढिगातलं एक पान उचललं. त्यावर तांबूस ठिपके, कडा करपलेल्या. चोळलं तर बोटाला भुकटी लागली. काठाला जाऊन पाहिलं, तर गावाकडची सगळी जलपर्णी तशीच. तांबेरा पडला होता.

"आत्या, दोष पानांत आहे," ती सासूला म्हणाली.

"राख ती राख. रोगट काय नि धड काय!"

"फुटक्या मडक्यात पाणी राहतं का? या पानांचा कस बाहेर गळून गेलाय. मला दोन सारखी मडकी द्या, दाखवते."

पलीकडच्या ओढ्यात जलपर्णी अजून हिरवीगार होती. होडीनं अर्धा दिवस जाऊन तकुलालुनं सात टोपल्या आणल्या. सात टोपल्या गावाकडच्या डागाळलेल्या भरल्या. दोन्ही ढीग अंगणात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वाळले. मग तिनं पियालुला हाताला धरून बाहेर काढलं.

"ओढ्यावरचा ढीग तू जाळ. डागाळलेला मी जाळते."

"वहिनी, माझ्या हातानं पुन्हा बिघडलं तर?"

"बिघडायचं नाही. आणि पाणी कैयालु ओतेल. मागाहून कुणी बोलायला नको."

कैयालुनं नाक मुरडलं, पण दोन्ही राखांवर मोजून पाणी ओतलं. दोन्ही मडकी एकाच चुलवणावर चढली. दुपार कलली तेव्हा पियालुच्या मडक्यात ओंजळभर मीठ खडखडत होतं. तकुलालुच्या मडक्याच्या बुडाला नुसता पापुद्रा.

"आता म्हण की मीही नेम मोडला!" तकुलालु कैयालुकडे वळली. "माझा नवरा तर महिनाभर वरच्या नदीला मासे मारतोय. कुणाबरोबर मोडला तेही सांग!"

या वेळी हशा कैयालुवर फुटला.  ती पियालुजवळ जाऊन म्हणाली, "चुकलं ग पोरी. जीभ लांब आहे माझी."

"जीभ राहू दे, हात लांब आहेत ना? मग उद्या होडी वल्हव," पियालु म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचा आवाज मोकळा निघाला.

दुसऱ्या दिवसापासून निम्म्या बायका ओढ्याकडे जाऊ लागल्या. उरलेल्यांनी गावाकडची रोगट जलपर्णी ओढून काठावर जाळली, म्हणजे ठिपके ओढ्यापर्यंत पोचायला नकोत. मिठाच्या अदलाबदलीला शेजारच्या वाउरा जमातीचे लोक मडकी घेऊन आले, तेव्हा मीठ नेहमीपेक्षा कमीच होतं. पण वाउरांतल्या एका म्हातारीनं पियालुच्या पुडक्यातला खडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि आपलं सगळ्यांत मोठं मडकं तिच्यापुढे सरकवलं.