पोटखराब

“स्वित्झर्लंडमंधी वाघ राह्यते का?” बाबांनी विचारलं.

प्रफुलभाऊ आमच्या अंगणात बाजेवर नकाशा पसरून बसले होते. नकाशाच्या वरच्या कोपऱ्यात बर्फाचा डोंगर छापला होता आणि त्याखाली ठळक अक्षरांत ‘स्वित्झर्लंड पार्क, गोंडपिपरी रोड’. ऊन असं होतं, की कोंबड्या चोची उघड्या टाकून रांजणाच्या ओल्या मातीवर बसल्या होत्या.

“नाई राहत, काका.”

“आमच्या वावरात येते. अगोदरच सांगून ठेवतो. नाईतर मंग म्हणशीन, श्रीहरीकाकानं सांगतलं नाई.”

वाघ खरोखर यायचा. म्हणजे आधी रानडुकरं धान खायला यायची आणि वाघ डुकरांसाठी यायचा. वाघामुळे रात्रीच्या जागलीला माणूस मिळेना, आणि जागल नाही म्हणून डुकरं वाढली. या सगळ्यात धान पिकवणं एवढंच काम बाबांकडे उरलं होतं. त्यात त्यांचे गुडघे गेले. शेजारच्या चारही वावरांवर प्रफुलभाऊंच्या कंपनीचे पांढरे दगड रोवले गेले होते. आमचं वावर मधोमध. विकायचं हे ठरलंच होतं.

“सारं घेऊन घे,” बाबा म्हणाले. “फक्त तो पोटखराबचा तुकडा सोडून.”

“काका, तो कोपरा हाय. मेन रोडले लागून. प्लॉट नंबर एक!” प्रफुलभाऊंनी नकाशावर बोट ठेवलं. “आन् सोडला तरी तुम्ही तिथी जासान कुठून? चारी बाजूनं कंपाउंड राहीन. वावर माहं, रस्ता माहा. उडून जासान का?”

बाबांनी खरंच थोडा विचार केला. मग माझ्याकडे बोट केलं. “नूतनले विचार. ते वकिली आन् विकास शिकून राह्यली.”

विकास म्हणजे मालमत्ता विकास. नागपूरच्या एका विद्यापीठात कायदा आणि मालमत्ता विकास अशी पाच वर्षांची जोड-पदवी मी करत होते, शेवटचं वर्ष होतं. बाबांनी गावभर सांगून ठेवलं होतं, की पोरगी वकिली आन् विकास करून राह्यली. त्यावर शेजारच्या सोमारीकाकूने मला बाजूला घेऊन, हा विकास कुठला, आपल्यातलाच आहे का, असं विचारलं होतं.

आमच्याकडे सकाळी कायद्याचे तास असत आणि दुपारी विकासाचे. माणसाला त्याच्या जागेवरून सहजासहजी काढता येत नाही, हे सकाळी शिकवत. मग जेवणाची सुट्टी होई.

“उद्या वावरात या, प्रफुलभाऊ,” मी म्हटलं. “जागेवर बोलू.”

“या वकीलीनबाईचं काही खरं नाई,” म्हणत त्यांनी नकाशा गुंडाळला. बर्फाचा डोंगर सगळ्यात शेवटी आत गेला.

तो तुकडा म्हणजे वावराच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यातला खडकाळ उंचवटा. तिथे कधी काही पिकलं नाही. सातबाऱ्यावर अशा नापीक भागाला ‘पोटखराब’ म्हणतात. हा शब्द आमच्या घरात आला तेव्हा मी तिसरीत होते. तलाठी बांधावर उभा राहून म्हणाला, “श्रीहरी, तुह्या वावरात पोटखराब हाय गा.” बाबा हो म्हणाले. आई शेंगा तोडत होती, तिने फक्त मान वर करून त्या उंचवट्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तिने डब्यातला ओवा आणि काळं मीठ एकत्र केलं आणि त्या खडकावर शिंपडून आली.

गाव वर्षभर हसलं. ती पाण्याला गेली की बाया विचारत, “काऊन वं कमले, जमिनीले ढाळ झाला का?” आई म्हणायची, “आता बरं हाय. कालपासून पेज देऊन राह्यली.” तिला खरंच तसं वाटलं होतं, की ती पहिल्यापासून गावाची मजा घेत होती, हे मी कितीदा विचारलं तरी तिने सांगितलं नाही. फक्त दरवर्षी पाऊस ओसरला की मूठभर ओवा न्यायची. काळं मीठ बंद झालं होतं. तिसऱ्या वर्षी खडकाच्या फटींतून ओव्याची झाडं आली. पांढऱ्या बारीक फुलांची, गुडघ्याएवढी. तलाठ्याच्या दप्तरात तो तुकडा पोटखराबच राहिला, पण त्याला वास चांगला यायचा.

जमिनीचं पोट बरं झालं. आईचं पोट दुखत होतं हे मात्र आम्हाला फार उशिरा कळलं. ती सगळ्याला ओवाच खायची. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी पोटाची चित्रं उजेडाला धरून पाहिली आणि बाबांना बसायला खुर्ची दिली. सरकारी दवाखान्यात कोणी आपण होऊन खुर्ची दिली, तेव्हाच मला समजलं.

ती गेली ती भर पावसात. स्मशानाकडचा नाला तुडुंब होता, लाकूड ओलं होतं, वावरभर धानाचं पाणी साचलेलं. कोरडी जागा एकच होती. आईला तिथेच माती दिली.

संध्याकाळी बाबा आणि मी वावरात गेलो. बाबांनी उंचवट्यावरचं गवत हाताने बाजूला केलं. आईच्या अंगावर ओव्याची वाळलेली झाडं उभी होती. बाबा दर पौर्णिमेला तिथे मेणबत्ती लावायचे, तिचा मेणाचा डाग दगडावर होता.

“हे कायद्यानं आपलं ठेवता येईन का?”

“ठेवता येते. पण प्रफुलभाऊ म्हणाले ते खरं हाय. जायला वाट राहणार नाई. वाट मागायला कोर्टात जावं लागन, आन् तोपर्यंत तुमचे गुडघे...”

“गुडघ्याचं सोड.”

“दुसरा एक मार्ग हाय. लेआउटमंधी थोडी जागा खुली ठेवावीच लागते. बगीच्यासाठी. तिथी कोणी घर बांधू शकत नाई. ते खुली जागा इथी आणायची.”

बाबांचा चेहरा उजळला. “मंग एक लहानशी पाटी लावू. कमला श्रीहरी रामटेके. बस, एवढंच.”

हे येणार हे मला माहीत होतं. नागपूरहून येताना बसमध्ये मी याचं उत्तर तयार केलं होतं, पण ते बसमध्येच राहिलं असावं.

“पाटी नाई लावता येणार, बाबा. पाटी लावली का ते थडगं होते. नकाशात थडगं दिसलं तर मंजुरी अडकन, आन् मंजुरीसाठी कंपनी काय करन, तुम्हाले माहीत हाय. मेणबत्तीबी नाई. बाहेरच्या कोणाले काही सांगायचं नाई.”

“मंग हे काय राहीन?”

“खुली जागा.”

“कोणाची?”

“साऱ्यांची.”

“म्हंजे तिची नाई.”

पाच वर्षांत यावर एक तास झाला नव्हता. बाबांनी ओव्याचं एक बोंड तोडलं, तळहातावर चुरगळलं, वास घेतला.

“तिले तशी मानसं आवडत होते,” ते म्हणाले. “चाल. अंधार पडून राह्यला. वाघाले अजून सांगतलं नाई कोणी, का वावर विकलं म्हणून.”

सकाळी प्रफुलभाऊ गॉगल लावून आले. आमच्याच गावचे. पूर्वी ट्रॅक्टर चालवायचे, आता माणसं त्यांना साहेब म्हणत.

“खुली जागा इथी घ्या,” मी म्हटलं.

“खुली जागा नाल्याकडे राह्यते, वकीलीनबाई. साऱ्या दुनियेत नाल्याकडे राह्यते.”

“रस्त्याले लागून बगीचा दिसला तर बाकीच्या प्लॉटले भाव येईन. लोक स्वित्झर्लंड पाह्यला येतीन आन् पहिले काय दिसन? पंक्चरचं दुकान?”

“बगीचा मधात करू ना. प्लॉट नंबर एक सोडायचा म्हंजे...”

“इथी पाया खोदता येणार नाई. खाली काळा खडक हाय. सुरुंग लावावा लागन, आन् बाजूच्या घराले तडे जातीन.”

“इंजिनिअरनं पाह्यलं हाय. मुरूम हाय म्हणते.”

“तो वरून पाहून गेला.”

“आन् तू काय खालून पाह्यलं?”

“खोदून पाह्यलं हाय,” मी म्हटलं. “चार जणं होते. सब्बल घेऊन. सकाळी लागले ते दिवस बुडेपर्यंत. तरी पाहिजे तेवढं खोल गेलं नाई.”

प्रफुलभाऊंनी गॉगल काढला. उंचवट्याकडे पाहिलं. मग, का कोण जाणे, स्वतःच्या हाताचे तळवे उलटून पाहिले.

त्या पावसात पहार चालवणाऱ्या चौघांत एक गावातला वारलू होता, दोघं आता हयात नाहीत, आणि चौथा ट्रॅक्टर चालवायचा.

“आठ दिवस स्टेअरिंग धरता येत नोहोतं,” ते हळू आवाजात म्हणाले. “इंजिनिअरनं चंद्रपुरात बसून नकाशा काढला. माह्या ध्यानातच नाई आलं, का नंबर एक म्हंजे हे.” मग गॉगल खिशात टाकत म्हणाले, “काकूचं सरळ सांगायचं होतं नं मले.”

“सरळ सांगतलं असतं तर?”

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. “तर कॉर्नर प्लॉट हाय म्हनलं असतं.”

नकाशा बदलला. तोच नकाशा मी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून विद्यापीठात दिला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, सर्वांत मोक्याची जागा तुम्ही मोकळी का सोडली? मी म्हटलं, सर, कठीण खडक. त्यांनी मान डोलावली आणि ‘व्यवहार्य दृष्टिकोन’ असा शेरा दिला. पदवीच्या कागदावर माझ्या नावात आईचंही नाव छापून आलं. बाबांनी तेवढीच ओळ बोटाने वाचली.

आता तिथे घरं झाली आहेत. खुल्या जागेत दोन बाकं आहेत, न उगवलेली हिरवळ आहे आणि पिवळ्या-निळ्या रंगाची ओपन जिम आहे. यंत्रांसाठी खड्डे घेतले त्या दिवशी प्रफुलभाऊ स्वतः उन्हात उभे होते. इथी खोद, तिथी नको, असं मजुरांना सांगत होते. कारण विचारलं तर खडक हाय म्हणत होते. उंचवट्याला कोणी हात लावला नाही. स्वित्झर्लंडमधला तो एकुलता एक डोंगर आहे.

बाबा रोज सकाळी जातात. हवेत चालायचं एक यंत्र आहे. दोन्ही पाय दोन पाट्यांवर ठेवायचे, दांडा धरायचा आणि झुलत चालायचं. ते आईच्या पायथ्याशी आहे. बाबा धोतर आवरून त्यावर चढतात आणि चालत राहतात. कुठे जायचं नसल्यामुळे गुडघ्यांना त्रास होत नाही, असं ते म्हणतात.

मागच्या महिन्यात मी घरी आले तेव्हा त्यांच्याबरोबर गेले. समोरच्या बंगल्यातल्या उर्वशी मॅडम बूट घालून आल्या. शाळेत शिकवतात, वर्षभरापूर्वी इथे राहायला आल्या.

“काका, एक दिवसही चुकत नाही तुम्ही! पाऊस असो, काही असो. या वयात एवढा व्यायाम कशासाठी?”

बाबा चालायचे थांबले नाहीत.

“पोट खराब राह्यते, बाई.”

“अहो, मग ओवा खात जा की थोडा.”

“हो,” बाबा म्हणाले. “खातो नं.”

त्यांनी बंडीच्या खिशातून चिमूटभर ओवा काढला. अर्धा तोंडात टाकला. मॅडम पाठमोऱ्या होईपर्यंत उरलेला मुठीत ठेवला, आणि मग चालता चालताच मूठ सैल सोडली.