तीन नंबरची गंजी

लीलाधर नारखेडेचं यंत्र जळगावात शहाण्यासारखं वागायचं आणि धुळ्यात गेलं की मुकं व्हायचं. नव्व्याण्णव सालचा सगळा हिवाळा या तमाशात चालला होता, आणि आता तर एस. टी.चे कंडक्टरसुद्धा त्याला ओळखायला लागले होते.

यंत्र रतिलाल शेठच्या जिनिंगसाठी, म्हणजे कपाशीतली सरकी काढायच्या कारखान्यासाठी होतं. धुळ्याबाहेरच्या त्या आवारात कपाशीच्या चार गंज्या रचलेल्या असत, घराएवढ्या उंच. आदल्या हंगामात त्यातल्या एकीनं पेट घेतला. कपाशीची आग मोठी लबाड. ती आतल्या आत धुमसते, वरून पांढरं स्वच्छ दिसतं, आणि धूर बाहेर येतो तेव्हा पळायलाही उशीर झालेला असतो. त्या दिवशी गंजीच्या पायथ्याशी बसून खराब बोंडं निवडणारी भिकुबाई जागेवर गेली. मग शेठनं माणसं पाठवून लीलाधरला बोलावून घेतलं.

लीलाधरनं जीव ओतून काम केलं. एका लोखंडी पेटीत वहीएवढा कॉम्प्युटर, त्यावर फुकट मिळणारी लिनक्स, आणि प्रत्येक गंजीच्या पोटात खुपसलेली एक लांब सळई, जिच्या टोकाला उष्णता मोजायची सोय. आकडे वायरीतून एकेका गंजीच्या पाळीनं शेठच्या केबिनमधल्या पडद्यावर जायचे. आकडा साठवर गेला की त्या केबिनमधल्या कॉम्प्युटरनं आवारातली घंटा वाजवायची आणि बायकांनी उठून पळायचं. गणित सरळ होतं.

फक्त ते चालत नव्हतं. अधूनमधून पेटीच्या नोंदींत एकच वाक्य सापडायचं : ट्रान्समिट टाइम्ड आउट. म्हणजे कॉम्प्युटरनं आकडा वायरीवर धाडणाऱ्या नेटवर्क कार्डाच्या हातात दिला, कार्डानं 'धाडला' असं सांगायला हवं होतं, ते बोललंच नाही, आणि ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, वाट बघून कंटाळला. पत्र पेटीत पडलंय आणि पोस्टमनचा पत्ता नाही, तशातला प्रकार. लीलाधरनं कार्ड बदललं. पुण्याच्या मित्राकडून नवा ड्रायव्हर फ्लॉपीवर आणवला. कार्डानं कॉम्प्युटरला हाक मारायचा इंटरप्ट बदलला. घरी टेबलावर सगळं सुतासारखं सरळ चालायचं, धुळ्यात पुन्हा रडगाणं.

शेवटी वैतागून त्यानं एक ठिगळ लावलं. कार्ड अडकलं की ड्रायव्हरनं त्याला झटका देऊन पुन्हा उभं करायचं, आणि तोवर केबिनच्या पडद्यावर शेवटचा आकडा तसाच दाखवत राहायचं. पडदा रिकामा दिसला की शेठ फोनवर शिव्या घालायचा, त्यावर हा उपाय. तात्पुरता, असं त्यानं स्वतःला बजावलं. आपल्याकडे तात्पुरत्या गोष्टी किती टिकतात हे त्याला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे!

आणखी एक गोष्ट त्याला छळत होती. तो फोन करून धुळ्याला जायचा तेव्हा यंत्र नेमकं ठणठणीत असायचं. भटू मुकादम फाटकातच चहा घेऊन उभा. "साहेब, तुम्ही उनात का ते बरं व्हई जास," असं अहिराणीत म्हणून हसायचा; साहेब आले की यंत्र बरं होतं म्हणे. लीलाधरही हसायचा, आणि परतीच्या एस. टी.त नखं खायचा.

त्या दिवशी मात्र तो यंत्रासाठी आलाच नव्हता. मामेभावाचा साखरपुडा होता धुळ्यात. जेवणं उरकली तशी त्यानं सवयीनं बरोबर घेतलेला छोटा मॉनिटर पिशवीतून काढला, रिक्षा केली आणि फोन न करता जिनिंग गाठलं. फाटकावर कुणी नव्हतं. मशीन जेवणाच्या सुट्टीला बंद होतं आणि बायका भिंतीच्या कडेला भाकरी खात बसल्या होत्या.

त्यानं पेटी उघडून मॉनिटर जोडला. पडद्यावर तेच वाक्य धो धो वाहत होतं. कार्ड उठत होतं, पडत होतं. मग त्याच्या कानावर घरघर आली. मशीन बंद, मग मोटर कसली? तो गंजीला वळसा घालून मागे गेला.

भटू शिडीवर उभा होता. हातात पाइप. तीन नंबरच्या गंजीवर तो निवांत पाणी मारत होता, अंगणात सडा घालावा तसं.

"साहेब, तुम्ही?" पाइप त्याच्या हातून सुटला. "फोन नही उना तुमना!" तो घाईनं खाली उतरला आणि त्यानं स्टार्टरचं लाल बटण दाबलं. घरघर थांबली.

कपाशी ओली केली की वजन वाढतं, हे खान्देशात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणूनच तर बाहेरचं माणूस आलं की शेठच्या हुकमानं मोटर बंद व्हायची. लीलाधरला राग यायला हवा होता, पण तो आधी पेटीकडे धावला. वाक्यं थांबली होती. एक नंबरचा आकडा सुरळीत गेला.

"भटूभाऊ, मोटर चालू कर."

"साहेब, शेठ माले..."

"चालू कर म्हणतो ना!"

मोटर सुरू, कार्ड गप्प. मोटर बंद, कार्ड बोलतं. त्यानं मान वर केली. मोटरची केबल आणि त्याची नाजूक वायर एकाच बांबूवर, एकाच सुतळीनं आवळून बांधलेल्या, पार केबिनपर्यंत. मोटर फिरली की तिचा सगळा गोंगाट या वायरीत उतरत होता. वायर टाकली जिनिंगच्या वायरमननं, पण 'ठीक आहे' म्हणणारा लीलाधरच होता. सापडलं! सगळ्या हिवाळ्याचं भूत सापडलं! खोटं कशाला सांगावं, त्या क्षणी तो आनंदानं हसला.

मग त्यानं पेटीच्या मॉनिटरवरचा आकडा वाचला. तीन नंबर : अडुसष्ट.

ओली कपाशी आतून कुजते आणि कुजताना तापते; रोज पाणी पीत ती गंजी आतून उकळत होती. आणि मोटर बंद असताना एक-दोन नंबरचेच आकडे गेले होते, तीनची पाळी येण्याआधी ती पुन्हा चालू झाली होती, त्यामुळे केबिनमध्ये मात्र त्याच्याच ठिगळाच्या कृपेनं जुना थंड आकडा झळकत असणार. घंटा कशाला वाजेल? मान वळवली तर बायका जेवून परतल्या होत्या आणि सावली बघून तीन नंबरच्या पायथ्याशीच बसल्या होत्या.

"उठा! उठा तिथून!" तो ओरडत धावला.

सगळ्यांत पुढे बसलेली तानुबाई, साठीची, हात न थांबवता म्हणाली, "कसाले, भाऊ? घंटा ते वाजनी नही."

 त्यानं तिला दंडाला धरून अक्षरशः ओढलं, बाकीच्या घाबरून मागे पळाल्या. भटूनं माणसं बोलावली. गंजी फोडली तेव्हा आतून पिवळी, मग तपकिरी, मग कोळशासारखी कपाशी निघाली, आणि वारा लागताच भडका उडाला. बायका बसल्या होत्या ती जागा निखाऱ्यांनी भरून गेली. आग विझवेपर्यंत सगळ्यांचे चेहरे काळे झाले, पण कुणाला इजा झाली नाही.

शेठ धावत आला. सगळं ऐकून घेतलं. त्यानं कपाळावरचा घाम पुसला आणि लीलाधरच्या पाठीवर हात ठेवला.

"शाब्बास! म्हणजे वायर वेगळी ओढली की आकडा बरोबर येईल?"

"येईल. पण शेठ, पाणी..."

"तेच म्हणतोय मी. गेल्या साली अंदाज चुकला. किती पाणी मारलं तर चालतं, ते कळायला नको? यंत्र त्याच्यासाठीच घेतलं ना, बाबा! साठपर्यंत मारायचं, मग थांबायचं."

 एस. टी.तल्या सगळ्या फेऱ्या, फ्लॉप्या, बदललेली कार्डं, सगळं लीलाधरच्या डोळ्यांपुढून गेलं. बायका जगाव्यात म्हणून यंत्र बनवलं असं तो समजत होता. शेठला त्यावर पाणी मोजायचं होतं. त्याला स्वतःचीच किळस आली.

त्यानं सुतळी कापली, वायर भिंतीच्या दुसऱ्या अंगानं ओढली, ठिगळ काढून टाकलं. शेठनं स्वतः मोटर लावून पाहिली. पडद्यावर चारही आकडे जिवंत हलत होते. शेठ खूश झाला आणि भटूला म्हणाला, बायकांना चार नंबरखाली बसव.

तानुबाई ओच्यात निवडलेली कपाशी धरून उभी होती. "भाऊ, यंत्र बरं व्हयनं का? मंग आते बसूत?"

शेठ बघत होता. धुळ्याच्या पॉलिटेक्निकला असताना शिकलेली तिची बोली लीलाधरच्या तोंडून आपोआप आली.

"बरं व्हयनं, अक्का. पन ते शेठले सांगस, तुमले नही. कितलं पाणी मारानं ते त्यावर पाही राहिना तो. आज मारं, सकाय बी मारी."

"लीलाधर!" शेठ ओरडला.

तानुबाईनं चार नंबरची ओली गंजी खालपासून वरपर्यंत पाहिली. मग तिनं ओचा सोडला, सगळी कपाशी मातीत पडू दिली, आणि ती फाटकाकडे चालू लागली. एकेक करून बाकीच्या बायका तिच्या मागे निघाल्या.